सदर वेदना स्पंदन पावते काय?

उलट भाषांतर नावाचा एक धंदा जगात आहे, हे मला वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी कळलं. कॉलेजात इंग्रजी शिकवून उरलेल्या वेळात मी शिकवण्या घेत असे. शिकवण्यांना मुलं यायची थांबली तेव्हा हे काम धरलं.

काम असं. कुणीतरी एका इंग्रजी कागदाचं मराठी करतो. ते मराठी बंद पाकिटातून माझ्याकडे येतं. मी मूळ इंग्रजी बघायचं नाही, पहिल्या माणसाचं नाव विचारायचं नाही, घरात कुणाजवळ बोलायचं नाही. मुकाट्याने त्या मराठीचं परत इंग्रजी करायचं. मग मुख्य कार्यालयात, ज्यांना मराठीचं एक अक्षर कळत नाही अशी माणसं दोन्ही इंग्रजी कागद शेजारी शेजारी ठेवून बघतात. जुळले, तर मधलं मराठी उत्तम. पूल पक्का आहे का, हे दोन्ही काठांवरून बघायचं. पुलावरून चालून कुणी बघायचं नाही.

एका पाकिटात डोकेदुखीच्या दवाखान्याचा फॉर्म आला. अकरा प्रश्न. सातवा होता: ‘सदर वेदना स्पंदन पावते काय?’

खरं सांगायचं तर वाचून मला बरं वाटलं. असलं मराठी इंग्रजीत न्यायला सगळ्यात सोपं. ते कालच तिकडून आलेलं असतं, सामानसुद्धा उघडलेलं नसतं. मी ‘पल्सेट’ हे क्रियापद घातलं आणि आठव्या प्रश्नाकडे वळलो. मूळ इंग्रजीत ‘थ्रॉब’ होतं, हे पुढे कळलं. कार्यालयातल्या मंडळींनी म्हणे शब्दकोश काढला. थ्रॉब म्हणजे काय, तर पल्सेट. पल्सेट म्हणजे काय, तर थ्रॉब. त्यांनी समाधानाने कोश मिटला आणि मला पत्र धाडलं: ‘शंभर टक्के जुळणी. अभिनंदन.’

कॉलेजात बावीस वर्षांत माझं कुणी अभिनंदन केलेलं नव्हतं. मी ते पत्र फ्रिजवर चिकटवलं.

“कसलं पत्र?” बायकोने विचारलं.

“गोपनीय आहे.”

“मग फ्रिजवर का?”

पत्र तिथेच राहिलं.

चार महिन्यांनी, एका रविवारी दुपारी, ताई आमच्याकडे जेवायला आली. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, दोन गल्ल्या पलीकडे राहते. आई माझ्याकडे असते, म्हणून दर रविवारी तिची फेरी ठरलेली. ती आली की आधी तिचा आवाज येतो, मग ती येते. त्या दिवशी ती आली, हात धुतले आणि पानावर बसून गप्प राहिली. ताई गप्प बसली की घरातलं एखादं यंत्र बंद पडल्यासारखं वाटतं. सगळे एकमेकांकडे बघायला लागतात.

“काय गं, बरं नाही का?” आईने विचारलं.

ताईने पर्समधून एक कागद काढून आमच्यापुढे सरकवला.

ती एका दवाखान्यात काम करते एवढं मला माहीत होतं. कुठल्या, कसल्या, ते तिने सांगितलं नव्हतं. तिच्याही कामात गोपनीयतेचा बडेजाव होता. रुग्णांचा दिवस फक्त बुधवार. रुग्ण डॉक्टरकडे जाण्याआधी त्याला छापील फॉर्ममधले प्रश्न वाचून दाखवायचे आणि होय किंवा नाही वर खूण करायची, हे तिचं काम. हुद्दा ‘प्रश्नवाचक’. कागदावर लिहिलं होतं की एकूण चारशे बारा रुग्णांपैकी एकानेही प्रश्न क्रमांक सातला होकार दिलेला नाही. इतर देशांतल्या केंद्रांवर जवळजवळ निम्मे रुग्ण होकार देतात. सबब, सदर प्रश्नवाचकाने फॉर्म रुग्णांना न विचारता घरी बसून भरल्याचा दाट संशय आहे. बुधवारी तपासनीस येतील. संशय खरा ठरल्यास त्याच दिवशी काम बंद.

“घरी बसून!” ताई म्हणाली. “मी!”

“काहीतरीच,” आई म्हणाली. “लहानपणी लपाछपीत हिच्यावर राज्य आलं की ही खरंच शंभरपर्यंत मोजायची. बाकीची पोरं तोवर घरी जाऊन जेवून यायची.”

“पण चारशे बारा जणांत एकही होकार नाही,” मी वर्गात बोलतो त्या सुरात म्हणालो, “म्हणजे प्रश्नातच काहीतरी गडबड असणार. काय आहे प्रश्न?”

ताईने मान वर न करता म्हटला. पाठ होता. “सदर वेदना स्पंदन पावते काय?”

मी भांडंभर पाणी एका दमात प्यायलो. बायकोने भांडं पुन्हा भरलं.

“कुणी लिहिलंय कोण जाणे,” ताई आता सुरात आली. “आणि लिहिणाऱ्याचं जाऊ दे, पण पास कुणा गाढवाने केलंय? खाली छापलंय बघ ठसठशीत. म्हणे तज्ज्ञांकडून तपासून घेतलंय, शंभर टक्के जुळणी.”

“शंभर टक्के जुळणी?” बायको म्हणाली आणि तिने फ्रिजकडे पाहिलं. मग आईने पाहिलं. मग ताईने. मी एकटाच पाण्याच्या भांड्याकडे बघत राहिलो.

ताई उठली, फ्रिजपाशी गेली, इतके रविवार न वाचलेलं पत्र वाचलं, परत येऊन बसली. एरवी ती मला छोट्या म्हणते.

“मास्तर,” ती म्हणाली, “तुम्ही?”

“अगं, मला फक्त इंग्रजी करायचं होतं. मराठी बरं आहे का, असं कुणी विचारलंच नाही.”

“आणि तू सांगितलंही नाहीस.”

“नियमात नव्हतं.”

हा बचाव तिला अर्ध्या मिनिटात माझ्यावर उलटवता आला असता. पण ती एकदम मवाळ झाली, कारण तिचीही तीच गत होती. प्रश्न छापला आहे तसाच वाचावा. न कळल्यास पुन्हा एकदा, तसाच, वाचावा. अर्थ सांगू नये. हातवारे करू नयेत. चेहऱ्यावर सहानुभूती आणू नये. दहा सेकंदांत उत्तर न आल्यास ‘नाही’ धरावे. अशी तेरा कलमं होती आणि ताईने तेरापैकी एकही मोडलेलं नव्हतं. दुसरी कुणी असती तर दहाव्या माणसालाच म्हणाली असती, ‘अहो काका, डोकं ठणकतं का, म्हणतायत ते.’ पण दुसरी कुणी लपाछपीत शंभरपर्यंत मोजतही नव्हती.

“लोक म्हणतात तरी काय?” बायकोने विचारलं.

“काय म्हणतील? माझ्या तोंडाकडे बघतात. मग मला वाईट वाटू नये म्हणून ‘नाही’ म्हणतात. एक म्हातारे म्हणाले, नको, मला त्याची सवय नाही.”

“होय म्हटलं तर काय होतं?”

“निळी फाइल. वर दुसऱ्या मजल्यावर खास डोक्याचे डॉक्टर आहेत, ते नीट तपासतात, औषध सुरू करतात. नाही म्हटलं तर एक कागद देतो. पाणी प्या, चष्मा तपासा, वेळेवर झोपा.” ती थांबली. “चारशे बारा कागद वाटले मी. निळ्या फायलींचा गठ्ठा आला तसा पडलाय, वरची दोरीसुद्धा सुटलेली नाही.”

मी आतून शब्दकोश आणला. अडचणीत सापडलेला इंग्रजीचा मास्तर दुसरं काय आणणार? मोठ्याने वाचलं. थ्रॉब: हृदयाने जोराने ठोके देणे. जखमेत रक्ताच्या ठोक्याबरोबर वेदना उठणे. इंजिनाने एका लयीत घरघरणे. शहर, दिवाणखाना, रस्ता इत्यादींनी गजबजून, जणू नाडी लागल्यासारखे, जिवंत असणे.

“म्हणजे डोकं ठणकणं,” आई म्हणाली.

“हो.”

“आणि गळू ठसठसणं?”

“तेही.”

“छाती धडधडणं. तान्ह्या मुलाची टाळू उडणं. कानशिलाची शीर उडणं.” आई एकेक बोट मिटत गेली. “ह्या सगळ्याला मिळून त्यांच्याकडे एकच शब्द?”

“साधारण.”

“बिचारे,” आई म्हणाली.

“मुद्दा असा,” मी म्हणालो, “की ह्या क्रियापदात नुसतं दुखणं नाही. दुखणं येतं, ओसरतं, परत येतं, आणि ते नाडीच्या ठेक्यात. आपल्याकडे स्पंदन म्हटलं की माणसाला एकदम कविता आठवते. ठणका म्हटला की डोकं.”

“हे मला शिकवतोस?” ताई म्हणाली. “चारशे बारा डोकी माझ्या टेबलापलीकडे ठणकून गेलीत. तू कोशात वाचलंस, मी समोर बघितलंय.”

“मी येतो बुधवारी. सांगतो, चूक माझी आहे.”

“तुझी चूक आहे कुठे कागदावर? तुझी तर शंभर टक्के जुळणी आहे.”

तरीही मी सोमवारी आणि मंगळवारी बसून दोन पानी कबुलीजबाब लिहिला. तीनदा खाडाखोड केली. पहिल्या मसुद्यात मी जरा जास्तच थोर वाटत होतो.

दवाखाना म्हणजे खाली एक लांबट दालन, त्यात भिंतीला खिळवलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, नंबर दाखवणारी लाल आकड्यांची पाटी, आणि टोकाला काचेच्या खोलीत ताईचं टेबल. बुधवारी मी गेलो तेव्हा ताई बाहेर नव्हती. तिला मोठ्या डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावलं होतं. दार अर्धवट उघडं होतं आणि मोठे डॉक्टर हळू बोलण्याच्या वर्गातले नव्हते.

“अजिबात घाबरू नका. मी तुमच्या बाजूने आहे. तुम्ही प्रामाणिक आहात हे मी लेखी दिलंय.”

“धन्यवाद, सर.”

“शून्य हे शून्यच आहे. मी गेले दोन महिने त्यावर निबंध लिहितोय. ‘स्पंदनरहित शिरोवेदना: एका भाषिक समूहाचे शारीरिक वैशिष्ट्य’. आपल्या लोकांचं डोकं ठणकतच नाही! जगात कुणाच्या लक्षात आलेलं नाही हे. पुढच्या महिन्यात परदेशी परिषदेत वाचायचाय.” केबिनच्या कोपऱ्यात एक नवी कोरी बॅग उभी होती; तिच्या मुठीला दुकानाची चिठ्ठी तशीच लोंबत होती. “तुम्ही आज फक्त एवढंच म्हणा: मी विचारलं, ते नाही म्हणाले. खोटं आहे का त्यात काही?”

“नाही, सर.”

“झालं तर मग.”

ताई बाहेर आली. मी तिला बाजूला घेतलं. “अगं, सुटलीस! साहेबच तुझ्या बाजूने आहेत.”

“सुटले खरी,” ती म्हणाली. दालनातल्या खुर्च्यांकडे बघत म्हणाली. एकतीस माणसं बसली होती. अर्ध्यांनी डोळे मिटलेले होते, आणि जिकडून उजेड येत होता तिकडे सगळ्यांनी पाठ केली होती.

तपासनीस बाई बारीक चणीच्या, केसांत एकही केस इकडचा तिकडे नाही, गळ्यात सेकंद मोजायचं घड्याळ. मुख्य कार्यालयात मराठी येणाऱ्या त्या एकट्याच, म्हणून त्यांना पाठवलं होतं. मी कबुलीजबाबाची पानं पुढे केली.

“आपण?”

“उलट भाषांतरकार.”

त्यांनी झटकन मान फिरवली. “आपली ओळख गोपनीय आहे. मी आपल्याला पाहिलेलं नाही. त्या खुर्चीवर बसा.”

मी न दिसणारा माणूस होऊन खुर्चीवर बसलो.

त्यांची पद्धत सरळ होती. ताईने बाजूला बसायचं, त्या स्वतः दहा रुग्णांना प्रश्न विचारणार. मोठे डॉक्टर हाताची घडी घालून दाराशी उभे राहिले, पोराची शर्यत बघायला आलेल्या बापासारखे.

पहिला एक वेल्डर होता. हातांवर ठिणग्यांचे बारीक डाग, उजवा डोळा अर्धा मिटलेला.

“सदर वेदना स्पंदन पावते काय?” तपासनीस बाईंनी वाचलं.

“कोण?”

“सदर वेदना.”

“ती नाही आली हो बरोबर. मी एकटाच आलोय.”

बाईंनी चेहरा हलू न देता पुन्हा वाचलं आणि घड्याळ दाबलं. वेल्डर विचार करत होता. विचार करताना त्याचं मधलं बोट टेबलावर पडत होतं. ठक, ठक, ठक. एका मापात, न चुकता. सातव्या सेकंदाला तो म्हणाला, “नाही बहुतेक.” बोट चालूच होतं.

बाईंनी ‘नाही’ वर खूण केली. पण खूण करताना त्यांनी त्या बोटाकडे एकदा बघितलं, हे मी न दिसणाऱ्या खुर्चीतून पाहिलं.

दुसरी कपडे शिवणारी बाई. तिने पदर सावरत सांगितलं, “पावती बाहेर खिडकीवर दिली मी.” तिसरा नुसताच लाजला. चौथ्याने विचारलं, ह्याचे वेगळे पैसे पडतात का. पाचवे निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांनी प्रश्न दोनदा ऐकला, डोळे मिटले, म्हणाले, “वाक्य निर्दोष आहे. फार दिवसांनी असं मराठी कानावर आलं.”

“आणि उत्तर?”

“उत्तर नाही.”

सहावा, सातवा, आठवा. दहाव्याला तर बाईंनी वाक्याचा पहिला शब्द उच्चारला तेवढ्यात तो म्हणाला, “नाही, नाही, तसलं काही नाही, देवाच्या कृपेने.”

दहापैकी दहा नकार. घड्याळ बंद झालं.

“फॉर्म खरे आहेत,” तपासनीस बाई म्हणाल्या. “प्रश्नवाचकांवरचा संशय मी काढून टाकते.”

“म्हटलं नव्हतं मी?” मोठे डॉक्टर पुढे आले. “दहापैकी दहा! शारीरिक वैशिष्ट्य आहे हो ते. हातच्या काकणाला आरसा कशाला?”

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. नोकरी वाचली होती, नावावरचा डाग पुसला होता, आणि माझा कबुलीजबाब खिशात घडी होऊन सुखरूप होता. बाईंनी रजिस्टर उघडून ताईपुढे ठेवलं. “इथे सही. रुग्णांनी प्रश्न समजून उत्तरे दिली, ह्याखाली.”

ताईने पेन हातात घेतलं. ओळ वाचली. परत वाचली. पेनाला टोपण लावलं.

“ही सही मी नाही करणार.”

“आता काय?” मोठे डॉक्टर म्हणाले. “अहो, जिंकलात की तुम्ही!”

“मी विचारलं हे खरं, सर. त्यांना कळलं हे खोटं.”

“ते तुम्ही कसं ठरवणार?”

“मला एक प्रश्न विचारू द्या. एकच.”

तपासनीस बाईंनी नियमांचा कागद काढला नाही. त्यांनाही पाठ असावा. “छापील प्रश्नाबाहेर रुग्णाला काहीही विचारलं तर काम त्याच क्षणी बंद होतं. कलम तेरा. आत्ताच तुम्ही सुटला आहात.”

“कलम तेरा मला माहीत आहे.”

“मग?”

“मग घड्याळ लावा,” ताई म्हणाली.

मोठे डॉक्टर म्हणाले, “हे बघा, हे अशास्त्रीय आहे.” मी म्हणालो, “ताई, जरा विचार कर.” दोघांकडेही कुणी लक्ष दिलं नाही. त्यांच्याकडे दिलं नाही कारण ते चुकीचं बोलत होते, आणि माझ्याकडे नाही कारण मी तिथे नव्हतोच.

ती काचेच्या खोलीतून बाहेर दालनात गेली. तपासनीस बाई मागोमाग, अंगठा घड्याळावर. ताईने घसा साफ केला. चार महिन्यांत त्या दालनात तिने स्वतःचं एक वाक्य बोललेलं नव्हतं.

“ऐका हो सगळे. डोकं ठणकतंय कुणाचं?”

आधी वेल्डरचा हात वर गेला, मग तो पूर्णच उभा राहिला. “अहो बाई! मग हे विचारायचं ना! सकाळपासून घण पडतायत घण, इथे, ह्या बाजूला!”

“ठणकतंय? फुटतंय म्हणा!” कपडे शिवणारी बाई म्हणाली. “नाडीच्या ठोक्याला ठोका!”

“माझं मागून सुरू होतं आणि डोळ्यात येतं.”

“दर चार दिवसांनी, बाई, आणि मग कुणाचा आवाज सहन होत नाही.”

“मग हळू बोला की!” मागून एकजण ओरडला आणि स्वतःच्याच ओरडण्याने कळवळला.

देवाच्या कृपेने तसलं काही नसलेल्या माणसाने दोन्ही हात वर केले होते. मुख्याध्यापक सगळ्यांत शेवटी, पण ताठ बोट वर करून म्हणाले, “ठणकतं. अर्थातच ठणकतं. वीस वर्षं ठणकतंय. मघाशी आपण स्पंदनाविषयी विचारलं होतं.”

दालनाच्या टोकाला फरशी पुसणारी बाई होती. ती रुग्ण नव्हती. तिने फडकं बादलीत टाकलं आणि ओला हात वर केला.

तपासनीस बाईंनी हात मोजले. पुसणाऱ्या बाईला धरून बत्तीसपैकी एकोणीस. मग घड्याळ बघितलं. “चार सेकंद,” त्या म्हणाल्या, पण आम्हाला नव्हे, स्वतःला. मोठ्या डॉक्टरांनी हात वर केला नाही. तो त्यांनी कानशिलावर ठेवला होता आणि दाबून धरला होता.

“कलम तेरा मोडलं मी,” ताई म्हणाली. “लिहून घ्या.”

“लिहिते.” बाईंनी रजिस्टर टेबलावर ठेवून उभ्यानेच लिहिलं, आणि लिहून झाल्यावर ताईकडे वळवलं. मी खुर्चीतून मान लांब करून वाचलं. ‘कलम तेरा मोडण्यात आले. कलम तेरा चुकीचे आहे. प्रश्नवाचकांनी कामावर राहावे. प्रश्न सातने जावे.’

ताईने खाली सही केली. सही करताना पेन एवढं दाबलं की मागच्या दोन पानांवर उमटली.

“आता नवा शब्द,” तपासनीस बाई म्हणाल्या आणि तोंड माझ्या दिशेने पण नजर माझ्या डोक्यावरच्या भिंतीवर ठेवून त्यांनी विचारलं, “‘डोकं ठणकतं का’, ह्याचं इंग्रजी करायचं झालं तर एखादा माणूस काय करेल?”

“थ्रॉब,” मी म्हणालो. आयुष्यात कुठलंही क्रियापद इतक्या खात्रीने उच्चारलं नव्हतं.

“हा माणूस बाद. त्याला उत्तर माहीत आहे.”

त्यामुळे नवं वाक्य दुसऱ्या कुण्या उलट भाषांतरकाराकडे गेलं, बंद पाकिटातून, दुसऱ्या कुठल्या गावी. त्या सद्गृहस्थाने त्याचं इंग्रजी केलं: डोकं दुखतं का? मुख्य कार्यालयाने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि कळवलं, की जुळणी बत्तीस टक्के, भाषांतर नापास, जुनंच वाक्य चालू ठेवावं. ताई रविवारी आली तेव्हा पुन्हा गप्प होती. पण गुरुवारी तपासनीस बाईंचा शेरा आला. तो ताईने आम्हाला फोनवर वाचून दाखवला, आणि आईच्या आग्रहास्तव तीनदा. ‘इंग्रजी जुळत नाही. माणसे जुळतात. हेच छापावे.’

छापलं. ‘डोकं ठणकतं का?’ ‘सदर’ गेलं, ‘काय’ गेलं. पहिल्या बुधवारी सत्तावीस रुग्ण, पंधरा होकार. निळ्या गठ्ठ्याची दोरी ताईने दातांनी तोडली असं तिची सहकारी सांगते. ताई म्हणते कात्री सापडत नव्हती. दोन महिन्यांत निळ्या फायली संपल्या. हिरव्या मागवल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी, जे चार महिने खिडकीतून बाहेर बघत बसले होते, निरोप पाठवला की जरा दमाने.

मोठे डॉक्टर परिषदेला गेलेच. बॅग घेऊन झाली होती. निबंधाचं नाव तेवढं बदललं: ‘प्रश्नाच्या शब्दरचनेचा रुग्णाच्या उत्तरावर होणारा परिणाम: एक मौलिक निरीक्षण’. शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत, ‘एका प्रश्नवाचिकेचे साहाय्य लाभले’. ताईने ते पान मागून घेतलं, चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, “लाभले! घोड्यावर बसायला स्टुलाचं लाभतं तसं.” पण तिने ते पान टाकलं नाही.

मला उलट भाषांतराची पाकिटं येणं बंद झालं. कारण दिलेलं नाही, बहुधा गोपनीय असावं. फ्रिज आता मोकळा आहे.

आणि त्या चारशे बारा जणांचं काय? त्यांना परत बोलवा असं कुणीही सांगितलं नव्हतं. ना तपासनीस बाईंनी, ना कुठल्या कलमाने. ताईने जुने फॉर्म कपाटातून काढले, फोन नंबर लिहून घेतले आणि रोज दुपारी फोन करायला एकापासून सुरुवात केली. काही नंबर लागले नाहीत. काहींना वाटलं कुणीतरी काहीतरी विकतंय, म्हणून त्यांनी फोन ठेवून दिले. तरी पहिल्या आठवड्यात साठ झाले.

एकदा मी तिला घ्यायला गेलो होतो. ती फोन कानाला लावून बसली होती, समोर फॉर्म, हातात पेन. पलीकडचा आवाज एवढा मोठा होता की मला काचेबाहेर ऐकू येत होता.

“दवाखान्यातून बोलतेय,” ताई म्हणाली. “चार महिन्यांपूर्वी तुम्हाला एक प्रश्न चुकीचा विचारला होता. आज नीट विचारते. डोकं ठणकतं का तुमचं?”

पलीकडच्या माणसाने फोन तसाच धरून घरात हाक मारली:

“अगं ए! बाहेर ये आधी! कळलं त्यांना!”

ताईने ‘होय’ वर खूण केली आणि पुढचा फॉर्म ओढला.